पहिलं बटन शाबासकीचं

ऑपरेटरबाई कुणावर विश्वास ठेवत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दूधवाला "ताजं आहे" म्हणाला की बाई पिशवीला नाक लावणार. टॅक्सीवाला "सरळच आलोय" म्हणाला की विचारणार, "मग मघाशी दोनदा डावीकडे कशाला कललास?" दार वाजलं, आवाज ओळखीचा असला, तरी आतून पहिला प्रश्न "कोण?" आणि दुसरा "कशाला?" शेजारीण एकदा वैतागून म्हणाली, "बाई, तुम्ही देवाला तरी मानता का हो?" बाई म्हणाल्या, "मानते. पण तोही कधी समोर येऊन बोलत नाही, म्हणून जरा जपून मानते."

आता त्यांची बाजू ऐका. जन्मापासून डोळ्यांत उजेड नाही. आणि उभी नोकरी गेली एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, जिन्याखालच्या खोलीत. कानाला हेडफोन, बोटांखाली बटनांची पाटी, आणि दिवसभर माणसांचं खोटं. "डॉक्टर निघालेत" म्हणणाऱ्याच्या मागे डॉक्टरांची आंघोळ ऐकू यायची. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणणाऱ्याच्या मागे साहेब खो खो हसत असायचे. अशी वर्षं काढल्यावर माणूस गोड बोलायला लागला की बाईंच्या मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होणार? जे त्यांना खडूस म्हणतात त्यांनी एक दिवस तो हेडफोन घालून बसावं. मग बोलावं.

बाई एकाच माणसाच्या बाबतीत डोळे मिटून चालायच्या. हे त्यांचंच बोलणं बरं का, त्यांच्याच तोंडचा विनोद. तो माणूस म्हणजे टिल्लू, त्यांच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा एवढासा होता, म्हणून टिल्लू. आता दारातून आत येताना वाकतो, नाव मात्र तेच राहिलं. कॉम्प्युटरचं काम करतो. जिन्यावर त्याचं पाऊल वाजलं की बाई कोण-कशाला काही विचारायच्या नाहीत. कडी आधीच काढलेली असायची.

पोर्टलचं खूळ बाईंचंच. एक्सचेंजमध्ये इस्पितळाच्या फोनांबरोबर आणखी एक जातीचे फोन यायचे. "बाई, बोलतं घड्याळ कुठलं चांगलं?" "बाई, माझ्या आईला ऐकू येत नाही, बोललेलं लिहून दाखवतो असा कुठला फोन आहे म्हणे, खरं का?" कुणाला हात चालत नाहीत तर तोंडानं चालवायचा माऊस हवा. कुणाला डोळे नाहीत तर छापील कागद वाचणारं यंत्र हवं. लोकांना माहिती मिळायची ती दुकानदाराकडून. आणि दुकानदार काय, समोरच्या माणसाला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्याच बाजूनं सांगणार!

मास्तरांचंच झालं. मास्तर म्हणजे बाईंचे शाळेतले सोबती, अंधांच्या वसतिगृहातले. टायपिंग शिकवतात. त्यांनी एक वाचणारं पेन घेतलं. दुकानात पेन फाडफाड वाचत होतं. घरी आणलं तर मुकं. का? तर दुकानातला तो एकच कागद त्याला येत होता. पढवून ठेवलेला. मास्तर आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. बाई मात्र बोलल्या, आणि दुकानदाराशी बोलल्या, त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा ठरलं. सगळ्यांचं मिळून एक पोर्टल काढायचं. जो वस्तू वापरतो त्यानंच त्या वस्तूबद्दल लिहायचं. न दिसणाऱ्यांचा विभाग बाई बघणार, कारण ओळखी त्यांच्या. न चालणाऱ्यांचा विभाग वेल्डर बघणार. वेल्डर स्वतः व्हीलचेअरवर असतो आणि व्हीलचेअर दुरुस्तीची त्याची शेड आहे. शेडच्या मागच्या खोलीत तीन टेबलं टाकली. तिथे कायम रबराच्या सोल्यूशनचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. बांधणी सगळी टिल्लूची.

प्रत्येक नोंदीखाली दोन बटनं. पहिलं शाबासकीचं. म्हणजे, ही नोंद माझ्या कामी आली. दुसरं तक्रारीचं. म्हणजे, ही नोंद खोटी आहे, कंपनीच्या माणसानं घुसवली आहे. तीन जणांनी तक्रार केली की नोंद आपोआप झाकली जाणार, मग बाई आणि वेल्डर तपासणार. आणि तक्रार कोणी केली ते कुणालाच कळणार नाही. अगदी बाईंनाही नाही. हे दोन्ही नियम बाईंचे. वेल्डर म्हणाला होता, "अहो, नावं तरी दिसू द्या. उद्या एखाद्यानं मुद्दाम केलं तर?"

"नावं दिसली तर कंपनीवाले त्याच्या दारात उभे राहतील. ते काही नाही."

"तुम्ही ना बाई, कुलपाला कुलूप लावता."

"आणि किल्ली कुणाला देत नाही," बाई म्हणाल्या.

पोर्टल चाललं. खरंच चाललं. लोक लांबून लांबून लिहायला लागले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना बाई फोन करायच्या, त्यांचं ऐकायच्या आणि शब्दाला शब्द उतरवायच्या. मास्तरांनी अडथळा आला की थरथरणाऱ्या काठीबद्दल लिहिलं. कुठल्या उंचीचा अडथळा तिला कळत नाही, पाण्यात ती कशी वेडी होते, सगळं. ती नोंद इतक्या लोकांना आवडली की शाबासक्यांचा ढीग पडला. मास्तर फोनवर म्हणाले, "ए एक्सचेंज, आपण आता लेखक झालो बरं का." बाई म्हणाल्या, "मग लेखकासारखं आळशी होऊ नकोस. पुढची नोंद टाक."

मग गुळचट आला.

गुळचट हे नाव बाईंनीच ठेवलं. माणूस पन्नाशीचा. पूर्वी अंधांच्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीत विक्रीचं काम करायचा. कंपनी सोडली म्हणे. का सोडली ते सांगेना. "काही मदत करता आली तर करीन," एवढंच. आवाज असा, की जणू घशात मध ठेवून बोलतोय. वेल्डरला माणसांची गरज होती, त्यानं ठेवून घेतला. बाईंनी त्याच दिवशी वेल्डरला बाजूला घेतलं.

"डोळस माणूस, कंपनीचा माणूस, आणि फुकट काम करतो. तुला काही वाटत नाही?"

"वाटतं ना. बरं वाटतं."

"थट्टा करू नकोस. कुठंतरी पाणी मुरतंय."

त्याच आठवड्यात टिल्लूनं पोर्टलला नवीन रूप दिलं. रंग बदलले, अक्षरं मोठी केली, खूप दिवस खपत होता बिचारा. एरवी पोर्टलमध्ये काना-मात्रा बदलला तरी बाई ते तासभर ठोकून बघायच्या. पण हे टिल्लूनं केलेलं. टिल्लूचं काय ठोकायचं? "छान झालं असणार," म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीवर हात फिरवला.

आणि त्यानंतर नोंदी गायब व्हायला लागल्या.

पहिली गेली मास्तरांची काठी. तीन तक्रारी. बाईंनी आणि वेल्डरनं तपासली, नोंद शंभर टक्के खरी, परत लावली. दोन दिवसांत पुन्हा तीन तक्रारी, पुन्हा गायब. मग बोलत्या घड्याळाची गेली. मग कागद वाचणाऱ्या यंत्राची. परत लावावी, परत जावी. आणि गंमत बघा, वेल्डरच्या विभागाला धक्का नाही. ऐकू न येणाऱ्यांच्या विभागाला धक्का नाही. मरतोय तो एकटा बाईंचा विभाग. त्यातही फालतू नोंदी सुखात बसून आहेत. जी लोकांच्या खरोखर कामाची, तिचाच गळा आधी दाबला जातोय. वर शाबासक्या एकदम आटल्या. कालपर्यंत ढीग होता, आज एक नाही.

"कोणीतरी माणसं बसवलीत," बाई म्हणाल्या. "आणि ज्याला कळतं कुठली नोंद महत्त्वाची, असा माणूस आत बसलाय."

"पण नोंदी तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंच्या आहेत," टिल्लू म्हणाला. "एकाच कंपनीचा माणूस सगळ्यांच्या कशाला काढील?"

"माग लागू नये म्हणून. तू अजून लहान आहेस."

वाकून बसलेला टिल्लू पुन्हा कीबोर्ड बडवायला लागला.

इकडे फोन सुरू झाले. हे फोन बाईंना झोंबायचे. लोकांनी पोर्टलवर विश्वास टाकला नव्हता, बाईंवर टाकला होता. बाईंनी स्वतः एकेकाला सांगितलं होतं, "तुमचा शब्द मी जपीन." आता एक म्हातारी म्हणाली, "बाई, माझं घड्याळाचं लिहिलेलं पुसलंत. दुकानदार बरोबर होता म्हणायचा." एक तरुण म्हणाला, "तुमचंही दुकानच निघालं."  उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी समोरच्याच्या आधी फोन ठेवला.

शेवटी मास्तरांचा आला.

"ए एक्सचेंज. माझी लाइन चौथ्यांदा कापलीस."

"मी नाही कापली रे."

"कोणी कापली मग?"

"शोधतेय."

"हे बघ. तो पेनवाला मला परका होता. तू परकी नाहीस. शनिवारच्या बैठकीला मी येतो. तोवर कळलं तर ठीक. नाही तर माझे सगळे विद्यार्थी, त्यांच्या सगळ्या नोंदी, मी काढून घेतो. आणि मला परत फोन करू नकोस."

फोन ठेवल्याचा आवाज बाईंनी आयुष्यात लाखो वेळा ऐकला असेल. हा वेगळाच लागला. न दिसणाऱ्यांच्या निम्म्या नोंदी मास्तर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या होत्या. त्या गेल्या तर पोर्टल संपलं. पण बाईंना पोर्टलपेक्षा ते शेवटचं वाक्य जास्त टोचलं. त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला: शनिवारी या, चोराचं नाव सांगते.

नाव तर त्यांच्याकडे होतंच. पुरावा हवा होता.

त्या दिवसापासून बाईंनी गुळचटाला कानाआड होऊ दिलं नाही. तो कुठे उठतो, कुठे बसतो, फोन किती वेळा काढतो. आणि एक दिवस कान टवकारले गेले. गुळचटानं एका कानात इअरफोन घातला होता आणि त्यातून बारीक आवाज झिरपत होता. मैनेचा.

मैना म्हणजे फोनमधला वाचून दाखवणारा आवाज. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते ती बोलते. अंध माणसं सगळी तिला मैनाच म्हणतात. आणि प्रत्येकाच्या मैनेचा वेग आपापला. बाईंची मैना म्हणजे पत्र्यावर गारा. डोळस माणसाला एक अक्षर कळत नाही. त्यातही बाई तिला वाक्य पुरं करू देत नाहीत, अर्ध्या शब्दाला समजलं की बोट पुढे. मास्तर तसेच, त्यांचे विद्यार्थीही तसेच. आपसात पैजा लागायच्या, कुणाची मैना जास्त पळते म्हणून. हळू मैना ऐकणारा म्हणजे बालवाडीतला.

आता हा डोळस माणूस चोरून मैना कशाला ऐकतोय? आमच्या लोकांचं सोंग घ्यायला? अंध माणूस म्हणून आत शिरायला, तक्रारी ठोकायला?

"काय ऐकताय?" बाईंनी एकदम विचारलं.

वायर खसकन ओढल्याचा आवाज. "काही नाही, बाई. गाणी."

खोटं. बाईंनी मनात गाठ मारली. नंतर तो दोनदा म्हणाला, "बाई, एक विचारायचं होतं, त्या बटनांबद्दल..." आणि दोन्ही वेळा बाईंनी त्याला तोडलं. "तुम्हाला बटनांशी काय करायचंय? तुम्ही टायरी पुसा."

शनिवार उजाडला. बैठक दुपारी. बाई सकाळीच शेडवर आल्या, मनात सापळा रचून. त्यांनी स्वतः लिहिलेली एक नोंद होती, ताप सांगणाऱ्या बोलत्या थर्मामीटरची. चांगली गाजलेली. काल झाकली गेली, आज सकाळी परत लावली. लावल्या लावल्या दोन तक्रारी आल्याच. आता तिसरी येईपर्यंत बाई त्या नोंदीवर बोट ठेवून बसणार होत्या, मांजर बिळापाशी बसतं तशा. आणि चोराचे हात? तेही बांधायची सोय केली होती. चार्जरच्या जुन्या वायरींचा भलामोठा गुंता त्यांनी गुळचटाच्या मांडीवर टाकला.

"एवढं सोडवून द्या."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर बसून. फोन टेबलावर ठेवा, मध्ये येईल."

फोन टेबलावर टेकला. वायरी सळसळायला लागल्या. बाईंचा हिशेब साधा होता. हात गुंतलेले असताना तक्रार आली नाही, आणि मोकळे सोडल्यावर आली, की झालं. मग त्याच्या मधाचा डबा सगळ्यांसमोर उपडा करायचा.

एवढ्यात बाईंचा दुसरा, जुना फोन वाजला. मास्तर.

"येतोय मी," मास्तर म्हणाले. आवाज जरा उतरलेला होता. "त्या दिवशी जास्त बोललो. नाही, बोललो ते बोललोच, पण... तू जेवलीस का नीट?"

"तुला काय करायचंय?"

"बरं. नको सांगू. तुझं थर्मामीटर परत लागलंय बघ. वाचलं मी मघाशी. चांगलं लिहितेस गं. थांब, रागात द्यायची राहिली होती, शाबासकी देतो."

फोनमधून मास्तरांच्या मैनेच्या गारा ऐकू आल्या. एक क्षण. आणि इकडे बाईंच्या बोटाखाली त्यांची स्वतःची मैना बोलली: तीन तक्रारी. नोंद झाकली आहे.

 वायरी सळसळतच होत्या. गुळचटाचे दोन्ही हात गुंत्यात.

"दिली बघ," मास्तर म्हणाले. "निघतो आता."

फोन बंद झाला. आणि बाईंच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे कधी तोंडानं उच्चारलं नाही, पण आलं खरं. मास्तर? मास्तरच? स्वतःच्या नोंदी मारून माझ्यावर आळ आणायला? वसतिगृहात माझ्या वाटणीची गादी उन्हात घालणारा हा माणूस? संशयाचं एक असतं, त्याला एकदा घरात घेतलं की तो प्रत्येक खोलीत शिरतो. बाई टेबलाची कड घट्ट धरून बसल्या.

"बाई," गुळचट हळूच म्हणाला. "रागावणार नसाल तर विचारू? परवापासून विचारतोय. ती खालची दोन बटनं नुसतं 'बटन, बटन' का म्हणतात? कुठलं कशाचं ते कळत नाही."

"म्हणतात?" बाई गर्रकन वळल्या. "तुम्हाला काय करायचंय ती काय म्हणतात? तुम्हाला तर दिसतात ना!"

वायरींची सळसळ थांबली.

"पहिल्यासारखी नाही दिसत," तो म्हणाला. मध गेला होता आवाजातला. "मधूनच सुरू झालंय. समोर बघितलं की मधला भाग काळा. माणसाचा चेहरा दिसत नाही, कान दिसतात. डॉक्टर म्हणाले, कडाही जाणार. कंपनीत कळलं असतं तर... म्हणून आधी मीच सोडली. घरी अजून सांगितलेलं नाही. म्हटलं, जायच्या आधी तुमच्यातलं थोडं शिकून घ्यावं. तुम्हाला विचारायची भीती वाटली."

 शेडमध्ये वेल्डर कुठल्यातरी नटाला शिव्या घालत होता, तेवढा आवाज.

मग बाईंनी आपल्या फोनवरचा मैनेचा वेग कमी केला. आणखी कमी केला. इतका, की त्यांना स्वतःची लाज वाटावी. नोंदीच्या खाली बोट सरकवलं.

"ब ट न," मैना म्हणाली. बोट पुढे. "ब ट न."

ना शाबासकी, ना तक्रार.

"टिल्लू!" अशी हाक मारली बाईंनी, की वेल्डरच्या हातातला पाना पडला.

टिल्लू वाकत आत आला. बाईंनी फोन पुढे केला. त्यानं एकदा बोट फिरवून मैना ऐकली आणि धपकन खाली बसला.

"शब्द कुठे गेले?"

"चित्रं टाकली, मावशी. अंगठा आणि झेंडा. बघायला चांगलं वाटत होतं. चित्रामागे शब्द लिहायचे असतात, मैनेला वाचायला... ते राहिलं."

"आणि पहिलं कुठलं?"

त्यानं फोन परत बाईंच्या हातात दिला.

"टिल्लू, पहिलं बटन कुठलं?"

"तक्रारीचं. तूच म्हणायचीस ना, तक्रार करणाऱ्याला शोधायला लागू नये. म्हणून पुढे घेतलं. आणि दाबल्यावर दोन्हीकडे एकच येतं, 'धन्यवाद, तुमचं मत पोचलं.'"

आता सगळं उलगडलं. डोळस माणसाला अंगठा आणि झेंडा दिसत होता, म्हणून वेल्डरचा विभाग सुखात. आणि बाईंची सगळी फौज, कान तयार झालेली, पैजा लावणारी, मैनेला अर्ध्यात तोडणारी. "बट" ऐकलं की बोट दाबून मोकळी. पहिलं बटन शाबासकीचं, हे बोटांना पाठ! नोंद जितकी आवडती तितक्या लवकर तीन जण शाबासकी द्यायचे आणि तितक्या लवकर ती मरायची. फक्त बालवाडीतल्या माणसानं मैनेला पुरं बोलू दिलं होतं. आणि त्याला टायरी पुसायला लावलं होतं.

बाईंना आणखी एक आठवलं. मास्तरांची काठी परत लागली की पहिली शाबासकी कोण द्यायचं? दर वेळी, न चुकता? मैत्रीखातर?

त्यांनी आपलं बोट दुसऱ्या हातात धरलं.

"मावशी," टिल्लू म्हणाला, "बैठकीत मी सांगतो."

"तू काही सांगायचं नाहीस. तुला कुणी काही बोललेलं मी ऐकून घेणार नाही."

"मग काय सांगणार? मशीन बिघडलं म्हणून?"

खरं सांगायचं तर तेच सांगायचं त्यांच्या ओठावर होतं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, या जातीचं.

दुपारी शेड भरली. पांढऱ्या काठ्या भिंतीला टेकल्या, व्हीलचेअरी पुढे. मास्तर दाराशीच उभे राहिले, बसले नाहीत. वेल्डरनं पाना वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

"चोराचं नाव सांगते म्हणाले होते," बाई उभ्या राहिल्या. "काठीची नोंद चार वेळा मारली गेली. पहिली वेळ सोडली, तर दर वेळी त्यात एक तक्रार माझी होती."

कुजबुज उठली. मग बाईंनी सगळं सांगितलं. बटनं, चित्रं, आणि आपण तपासलं नाही ते. "टिल्लूनं केलं म्हणून मी बोट लावून बघितलं नाही. जगात सगळ्यांना तपासते आणि याला सोडलं. ही चूक त्याची कमी, माझी जास्त." टिल्लू मध्येच "नाही, माझीच" म्हणाला, तर बाई म्हणाल्या, "मोठी माणसं बोलतायत."

"म्हणजे आज सकाळी..." मास्तर दाराशी म्हणाले.

"तू मला शाबासकी दिलीस. तिसरी."

 मग ती घड्याळवाली म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "अगं बाई! मी तर अख्ख्या गल्लीच्या नोंदींना शाबासकी दिली!" आणि हशा पिकला. एकेक जण कबूल करायला लागला. त्या "दुकान निघालं" म्हणणाऱ्या तरुणानं तर स्वतःच्या मित्राच्या सगळ्या नोंदी एका बैठकीत उडवल्या होत्या. कौतुकानं.

"पण हे पकडलं कोणी?" मास्तरांनी विचारलं. "तुझ्या वेगाला तर हे कळणं शक्य नाही."

 आपल्या मनात ज्याचं नाव चोर म्हणून होतं, त्याचं गुपित फोडायचा हक्क त्यांना नव्हता. "कळलं एकाला," म्हणाल्या. "नाव सांगणार नाही."

मागून वायरींचा गुंता टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "मला कळलं," गुळचट म्हणाला. "मी शिकतोय. मला आता... शिकावं लागणार आहे. माझी मैना फार हळू आहे हो."

एवढ्या माणसांत कुणी "अरेरे" म्हटलं नाही. तिथे ते कुणी म्हणत नाही.

"किती हळू?" मास्तरांनी विचारलं.

"सगळ्यात खालचा आकडा."

"काठी आहे?"

"नाही अजून."

"मग माझी नोंद वाच," मास्तर दारातून आत आले आणि त्याच्याशेजारची खुर्ची चाचपून बसले. "परत लागली की. आणि हे बघ, पाण्यात ती वेडी होते, ते नीट वाच."

टिल्लूनं त्याच दिवशी शब्द परत लावले. शाबासकी पहिली, तक्रार दुसरी. बाईंनी ते अर्धा तास ठोकून बघितलं. आता पोर्टलमध्ये काहीही बदललं की खोलीत सगळे जमतात, गुळचटाची मैना मोठ्या आवाजात लावतात आणि ती अक्षर अक्षर बोलते तोवर गप्प बसतात. बाईंचा पाय टेबलाखाली सारखा हलत असतो, पण मध्ये तोडत नाहीत. नाव अजून गुळचटच आहे. त्यालाही ते माहीत झालंय.

दार वाजलं की बाई अजूनही विचारतात, "कोण? कशाला?" परवा गुळचट काठी घेऊन पहिल्यांदाच एकटा बाईंच्या घरी गेला. जिन्यावर काठी अडखळत, ठेचकाळत वर येत होती. बाईंनी ऐकलं आणि कडी काढून ठेवली.

थोड्या वेळानं टिल्लू आला. त्याच्या पायांचा आवाज बाईंना झोपेतही कळतो. तरी दार लावलेलंच.

"कोण?" आतून आवाज.

"मावशी, मी!"

"काय बदललंस ते आधी सांग."